एसीचं प्रेशर वरखाली होतंय? गॅस भरण्याआधी हे बघा



केरी-हरमलच्या किनाऱ्यापासून आत इब्रामपूर-हणखण्यापर्यंत, पेडण्यात एसीची तक्रार बहुधा एकच: तासभर गार, मग नुसता वारा, परत गार. मेकॅनिक गेज लावतो, सुई हलताना दिसते आणि "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एसीचा गॅस बोटीच्या डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आणि सुई हलते म्हणजे गॅस कमीच, असंही नाही.

सुई काय सांगते?

• दोन्ही बाजूंचं प्रेशर कमी: गळती असू शकते.

• फक्त कमी बाजूचं प्रेशर उतरतं, पाइपवर बर्फ धरतो: आधी आतल्या युनिटची जाळी धुवा. हवा फिरली नाही तरी असंच होतं.

• जास्त बाजूचं प्रेशर चढत जातं, कॉम्प्रेसर ट्रिप होतो, थोड्या वेळाने परत सुरू: बाहेरच्या कॉइलवर खार किंवा तांबडी धूळ बसलेली असते, नाहीतर पंख्याचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो.

• गार होतं, बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप परत गार: आत ओल शिरली असेल. बारीक कॅपिलरीत पाणी गोठून वाट बंद होते, वितळलं की सुटते.

• जास्त बाजूचं प्रेशर चढलेलं आणि सुई थरथरते: गॅसमध्ये हवा मिसळलेली असू शकते.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलतो, त्यामुळे प्रेशर थोडं हलणारच. त्याला टेस्ट मोडवर ठेवूनच मोजायचं. व्होल्टेजही बघून घ्या.

बंद एसीचं प्रेशर बघून गॅस कळत नाही

३० अंशांना आर-२२ गॅसचं प्रेशर सुमारे १५८ पीएसआय, आर-३२ चं सुमारे २६५. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी आकडा तोच. घरच्या सिलिंडरसारखंच आहे हे: किती उरलाय ते वजनावरून कळतं. म्हणून गॅस प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर तोलूनच भरायचा.

आपल्याकडे गळती का होते?

बोटीला झिंक कशाला लावतो? खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की एक खाल्ला जातो. एसीच्या कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, आणि खारा वारा तेच काम करतो. किनाऱ्यावरच्या घरांनी बाहेरचं युनिट वाऱ्याच्या थेट तोंडावर लावू नये. मेन स्विच बंद करून कॉइल गोड्या पाण्याने, हलक्या धारेने नेहमी धुवावी.

मेकॅनिकला हे सांगा

१. आधी गळती शोधा. कोरडा नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने सांधे तपासा.
२. दुरुस्तीनंतर फिल्टर ड्रायर बदला आणि पंपाने पूर्ण व्हॅक्यूम काढा. ओल आणि हवा तेव्हाच जाते.
३. मग गॅस तोलून भरा.

जिवाची काळजी

बोटीच्या कामाला वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो. तो एसीत प्रेशर द्यायला कधीही वापरू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून स्फोट होतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर सहज पेटतो. गॅस गळत असताना टॉर्च, विडी, समई जवळ नको.

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोटीचं काम काढतो, तेव्हाच एसीची कॉइल आणि सांधेही बघून घ्या. नायट्रोजनची तपासणी पावसातही होते. गळती एकदा नीट बंद झाली की दरवर्षी गॅस भरायचा खर्च वाचतो.