नळी काढली, लेकरू होईल का?

सोनपेठच्या वस्त्यांवर बाया मला दबक्या आवाजात हे विचारतात. मी आधी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड मागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भागात नळी आणि पिशवी यांची गल्लत फार होते, अन् पुढचे सगळे त्यावरच ठरते. पिशवीच काढली असेल, तर गर्भ राहत नाही.

एकच नळी काढली आणि दुसरी चांगली असेल, तर दिवस आपोआप राहू शकतात. मात्र पाळी चुकताच तपासणी करावी. पोटात कळ किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. गर्भ नळीत अडकला असेल तर जिवावर बेतते.

दोन्ही नळ्या काढल्या तरी पाळी येते, बीज तयार होते, वाट तेवढी बंद होते. कुटुंबनियोजनात बांधलेल्या नळ्या कधीकधी पुन्हा जोडता येतात, काढलेल्या नाही. (बुवाच्या औषधाने नळी उगवत नाही, त्यापायी कर्ज कशाला?) मग उपाय टेस्ट ट्यूब बेबीचा. बीज बाहेर काढून, प्रयोगशाळेत फळवून, गर्भ पिशवीत सोडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले. खर्च मोठा आहे, यश दर वेळी येत नाही. कायद्याने बाईचे वय २१ च्या पुढे आणि ५० च्या आत लागते. जाताना कार्ड न्यावे, नवऱ्यालाही न्यावे. तपासणी दोघांची होते.