पावसाच्या वहीतील तीन रकाने व एक तारीख

चांदूर बाजार तालुक्यात कपाशी, तूर व सोयाबीन यांची पेरणी काय किंवा संत्र्याचा मृग बहार काय, दोन्हींचे यश पाऊस कोणत्या दिवशी पडला व मध्ये किती दिवस कोरडे गेले यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून जे ग्रामसेवक व शेतकरी बंधू दररोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत नोंद करतात, त्यांचे परिश्रम मोलाचे होत. या वहीत बहुधा दिवस, महिना व वर्ष यांचे तीन निराळे रकाने आखलेले असतात. वाचणाऱ्यास त्याची अडचण भासत नाही. परंतु तीच वही 'आर' या सांख्यिकी संगणक-भाषेत घातली असता संगणकास तीन सुटे आकडे दिसतात. तारीख दिसत नाही.

समजा, २८ जून २०२४ नंतर एकदम ९ जुलैस पाऊस नोंदला गेला. आपण बोटांवर मोजून मधले १० दिवस कोरडे गेले असे सांगू. संगणक मात्र दिवसाच्या रकान्यातील ९ मधून २८ वजा करून उणे १९ असे उत्तर देतो! दुबार पेरणीचा विचार अशा उत्तरावर करता येत नाही.

यास्तव तिन्ही रकाने वर्ष, महिना, दिवस या क्रमाने एकत्र जोडावेत. जोडण्याचे काम 'पेस्ट' ही आज्ञा करते. मध्ये आडवी रेघ अवश्य ठेवावी. ती न ठेवल्यास ११ जानेवारी व १ नोव्हेंबर या दोन्ही तारखा '२०२४१११' अशा एकसारख्याच होतात. एक अंकी महिना व दिवस यांच्यापूर्वी शून्य घालून '२०२४-०६-२८' असे रूप दिले म्हणजे क्रमवारीही बिघडत नाही. नंतर 'ॲज-डेट' या आज्ञेस हा क्रम सांगून त्या अक्षरांची खरी तारीख करून घ्यावी. संगणक ती १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांच्या संख्येने मनात धरतो. त्यामुळे महिनाअखेर किंवा २९ फेब्रुवारी आड येत नाही. वरील उदाहरणात वजाबाकी ११ येईल. कोरडे दिवस त्याहून एक कमी, हे विसरू नये.

महिना 'जून' असा अक्षरांत लिहिला असेल तर प्रथम त्याचा ६ करावा. येथे छापलेले अंक देवनागरी असले तरी संगणकात इंग्रजी अंकच भरावेत. वर्ष चारही अंकांत लिहावे, हे जुन्या वह्या उतरविताना विशेष महत्त्वाचे आहे. नुसते '६५' लिहून ते दोन अंकी वर्ष असल्याचे सांगितले, तर 'आर' त्याचे १९६५ न करता २०६५ करते. प्रस्तुत लेखकाने हा घोटाळा स्वतः केलेला आहे.

तसेच ९ तारखेस सकाळी मोजलेला पाऊस ८ तारखेच्या सकाळपासूनचा असतो. तो मोजणीच्याच तारखेस लिहावा आणि ही पद्धत मध्येच बदलू नये.

एखाद्याने '३१ जून' असे लिहिले असल्यास तारखेची जागा रिकामी येईल. अशा वेळी अंदाजाने ती भरू नये. मूळ वही काढून पाहावी.