रानाचे द्रव्य कसे झाले?

गोंडपिपरीच्या श्रोत्यांपुढे एका ग्रीक शब्दाची चर्चा करावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु तो शब्द मुळात रानाचा आहे. आणि रान म्हणजे काय, हे येथे कोणी कोणास सांगावयास नको.

'हूली' हा तो शब्द. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात त्याचा अर्थ रान. तसाच रानातून तोडून आणलेले लाकूड, चितेचे सरपण असाही. पुढे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलला एका नव्या कल्पनेसाठी शब्द हवा होता. मूर्ती काशाची, पलंग लाकडाचा. म्हणजे घाट वेगळा आणि ज्याला घाट दिला तो पदार्थ वेगळा. या पदार्थाला त्याने 'हूली' म्हटले. घटाच्या दृष्टान्तात आपला वेदान्त मातीला उपादान कारण म्हणतो, तशीच ही कल्पना. सुताराच्या हातातील लाकडाचे नाव अशा रीतीने साऱ्या विश्वाच्या द्रव्याला मिळाले. लॅटिन भाषेने त्यासाठी 'मातेरिया' शब्द योजिला. त्याचाही जुना अर्थ इमारती लाकूडच. आपल्या बोलण्यातले 'मटेरियल' हे त्याचेच वंशज होय.

आजच्या ग्रीक भाषेत त्या शब्दाचा उच्चार 'इली' असा होतो. अर्थ द्रव्य, सामग्री. परीक्षेला नेमलेल्या अभ्यासालाही तेथील मुले 'इली'च म्हणतात. रानाला मात्र 'दासोस' हा निराळा शब्द आहे. जुने रान उरले आहे ते लाकूडतोड्याच्या नावात, 'इलोतोमोस' या शब्दात!

रानाकडे लाकूड म्हणून पाहता पाहता शब्दातून रानच निघून गेले, असे आम्हांस वाटते. हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. नावावर हक्कही अवलंबून असतो, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिले आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूची गणना झाडांत केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले आणि तो गोळा करून विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती पडावयास २०११ साल उजाडले. १९२७ च्या अधिनियमातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो तर २०१७ साली.

बांबू तोच होता. त्याला काय म्हणावे, यावर एका गावाची मिळकत अडून राहिली होती.