पाळी जातानाचा खर्च: होतो कशावर, व्हायला हवा कशावर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ साली झाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेला आकडा असा होता: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. कारणं सगळ्यांना माहीत होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम दंड कापतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं, की कॅन्सरची भीती घातली जाते. मग उचल घेऊन ऑपरेशन होतं आणि ते कर्ज पुढच्या हंगामात फेडलं जातं.

बीड संभाजीनगरपासून लांब नाही. तिथल्या, जालन्यातल्या, परभणीतल्या बायका शेवटी संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्याच ओपीडीत येतात, तेव्हा तक्रार वेगळी असते. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, सांधे धरतात. वय विचारलं तर छत्तीस.

“पिशवी काढली की कटकट मिटली,” हा समज सगळ्यांत महागात पडतो. पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं अंडाशयांत. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतं, जरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याचा धोका असला तरी. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले, तर एरवी काही वर्षांत हळूहळू होणारा बदल एका दिवसात होतो. बत्तिसाव्या वर्षी असं झालं, तर हाडं आणि हृदय चौदा-पंधरा वर्षं आधीच उघडी पडतात. अशा बाईला, तिच्या बाबतीत मनाई करणारं कारण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. शरीरात असायला हवं होतं तेच परत देण्याची ही गोष्ट आहे, चैन नव्हे. पण ऑपरेशनला उचल देणारा मुकादम पुढच्या गोळ्यांना पैसे देत नाही, आणि डिस्चार्ज देताना कुणी या गोळ्यांचं नावही काढत नाही.

म्हणून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मावशीने, वहिनीने एक कागद जपून ठेवावा: डिस्चार्ज कार्ड. त्यावर अंडाशय काढले की ठेवले, हे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर मागून घ्यावं. तो हक्क आहे. पुढचा डॉक्टर सगळा उपचार त्यावरून ठरवणार असतो. अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्ध केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय चाळिशीच्या आत पिशवी काढायला तयार होऊ नये, असं मी प्रत्येकीला हात जोडून सांगेन.

पाळी आपोआप जाते, तिथे वेगळंच ऐकायला मिळतं. “वय झालं आता, दोन-चार महिने सोस.” सासू सांगते, जाऊबाई सांगते, कधी डॉक्टरही सांगतात. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आणि त्रास दोन-चार महिन्यांत संपत नाही. अमेरिकेतल्या हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसलं, की वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ होतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार, नळाला कितीतरी दिवसांआड पाणी, रात्री दोनदा घामाने भिजलेलं पातळ बदलायचं आणि सकाळी सातची शिफ्ट गाठायची. हे सात वर्षं सोसायला कुणाला सांगताना थोडा विचार करावा.

“हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर.” ही भीती कुठून आली, ते सांगता येतं. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं; म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. औषध होतं गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत एक कृत्रिम प्रोजेस्टिन. स्तनाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका होता दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जणींचा: तीसच्या जागी अडतीस. पिशवी काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढच्या वीस वर्षांच्या नोंदींत तो उलट कमी दिसला. ही दुसरी बातमी बीडपर्यंत पोहोचलीच नाही, आणि तिथेच तिची सर्वाधिक गरज होती.

धोका शून्य आहे, असं मात्र नाही. पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. दोन्ही हार्मोन बरीच वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. कातडीवर लावायच्या जेलने ती वाढलेली दिसत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पक्षाघात, हृदयविकार किंवा गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा अंगावरून रक्त का जातंय ते कळलेलं नसेल, तर ही औषधं सहसा देत नाहीत. अशा बायकांसाठी हार्मोन नसलेल्या, जुन्या आणि स्वस्त गोळ्याही आहेत. पण साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं होण्याआधी सुरुवात केली, तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला ठळक इशारा काढायचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा तेवढा ठेवला.

आता पैशाचं. “हे श्रीमंतांचं औषध” असं म्हणणारीने आधीच खर्च केलेला असतो, फक्त भलतीकडे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी मागेपुढे होत असेल आणि वाफा येत असतील, तर निदानासाठी रक्तातली हार्मोनं तपासायची सहसा गरज नसते. या काळात ती रोज वरखाली होतात. आजचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात खोटा ठरतो. तरी ‘हार्मोन प्रोफाइल’ लिहून दिलं जातं आणि त्या एका पावतीत काही महिन्यांच्या गोळ्या आल्या असत्या. तपासायचं असेल तर रक्तदाब, साखर, स्तन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड तपासावं. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तर मात्र हार्मोनची तपासणी हवीच.

इस्ट्राडायोलच्या गोळ्या बऱ्यापैकी स्वस्त असतात. जेल त्याहून महाग, आणि पिशवी असेल तर वर प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलचा खर्च. ही कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची, कारण तिने गुंगी येते. झोप न लागणाऱ्या कितीतरी जणींना तेच बरं वाटतं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागावं, मग जनऔषधी केंद्रात विचारता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीची स्ट्रिप मिळाली तर मेडिकलवाल्याला विचारायला संकोच नको. नुसता कोरडेपणा, आग, पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा जंतुसंसर्ग एवढंच दुखणं असेल, तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम पुरतं. ते रक्तात फारसं जात नाही आणि एक ट्यूब बरेच दिवस चालते. लाजेपोटी हे दुखणं बायका सर्वांत शेवटी सांगतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण देते, पण ते मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. महिन्याच्या महिन्याला लागणारी गोळी त्यात बसत नाही. माझ्या मते ही व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी चूक आहे: पोटाच्या ऑपरेशनला वाट आहे आणि ते टाळणाऱ्या किंवा निभावून नेणाऱ्या औषधाला नाही. तोवर आहेत त्या वाटा वापराव्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. संभाजीनगरातलं चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय त्यांत येतं. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागतात. शहरालगतच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगार बाईचा राज्य कामगार विम्याचा (ईएसआय) हप्ता कापला जातो आणि त्या कार्डावर ओपीडीची औषधंही मिळतात. नवऱ्याचं कार्ड असेल तरी बायकोला चालतं. ही गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते.

दोन छोटे गैरसमज. पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नाही: पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते. आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीने हाडांचं भागतं, हेही खरं नाही. कॅल्शियम नाचणीत भरपूर आहे, तिळात आहे, दुधात आहे. ज्वारीत फार थोडं.

“पाळी परत आली,” हे मात्र छोटं नाही. वर्षभर पाळी बंद राहिल्यावर एक डाग जरी पडला, तरी ती पाळी नव्हे. अशा साधारण दहांतल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणं, एवढ्यात निदान होतं. दोन्ही घाटीत होतं, आणि कर्करोगाचं शासकीय रुग्णालयही याच शहरात, आमखास मैदानाजवळ आहे. डाग पडला त्याच आठवड्यात जावं. दिवाळीनंतर, लग्नानंतर, तोडीचा हंगाम संपल्यावर, असं म्हणू नये.