सात हालीला सहा कलदार

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आष्टी तालुका. पलीकडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा, अलीकडे मराठवाडा. आज ही हद्द ओलांडताना फार तर रस्त्याकडेची पाटी दिसते. १९४८ पूर्वी इथे राज्य बदलायचं आणि राज्याबरोबर रुपयाही. पलीकडे इंग्रजांचा कलदार, अलीकडे निजामाचा हाली. हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाषा एक, दैवतं एक, सोयरिकीही एकमेकांत. पण नगरच्या पेठेत माल घ्यायचा तर हालीचे कलदार करून घ्यावे लागत, आणि तिथे सराफाचा बट्टा आलाच.

बहुतेक संस्थानांनी हळूहळू इंग्रजी रुपया पत्करला. काहींच्या टाकसाळी चालू राहिल्या, पण नाण्यांच्या जोडीला सरकारी कागदी नोटांची पुरी व्यवस्था वर्षानुवर्षं चालवली ती हैदराबादने. समुद्राऐवजी इंग्रजी मुलखाने वेढलेलं ते एक बेटच होतं, आणि बीड त्या बेटाच्या किनाऱ्यावर.

सात हालीला सहा कलदार हा दर सरकारी लहरीतून आलेला नाही. त्याचं उत्तर रुपयाच्या चांदीत सापडतं. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे ८१.८ टक्के. १९४० पूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि चांदी बारात अकरा भाग. म्हणजे सात हालींत साधारण ६४ ग्रॅम चांदी, सहा कलदारांतही तेवढीच. सरकारी हिशेबात शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजले जात, तेही याच प्रमाणात.

नाण्याच्या घडणीत तर राजकारणच कोरलेलं आहे. १८५७ च्या उठावापर्यंत निजामाची नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. बादशाही संपली तेव्हा नाण्यावर आसफजाह हे नाव आलं, आणि त्यासोबत ९२ हा आकडा. अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीत मुहम्मद या नावाची बेरीज ९२ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार आला. त्याच्या कमानीच्या दारात एकच अक्षर असे : निजाम महबूब अलींच्या काळात मीम, त्यांच्यानंतरच्या निजाम उस्मान अलींच्या काळात ऐन. कलदारावर इंग्रज राजाचा मुखवटा होता. हालीवर निजामाचा चेहरा नाही. एका अक्षरावरून कारकीर्द ओळखायची.

कागदी नोटा आल्या त्या पहिल्या महायुद्धामुळे. चांदीची टंचाई पडली आणि १९१८ मध्ये दहा व शंभर रुपयांच्या उस्मानिया सिक्का, म्हणजे हालीच्या, नोटा निघाल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या आल्या, १९२६ मध्ये हजाराची. छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीकडे होती, पुढे ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात आली. निजामाचा पैसा इंग्रजी मुलखातल्या मराठी गावात छापला जाऊ लागला.

धातूच्या अंगच्या किमतीऐवजी हुकमावर पैसा चालवण्याचा प्रयोग त्याआधी सुमारे सहाशे वर्षं मुहम्मद तुघलकाने केला होता. त्याचं बीडशीही नातं आहे : त्याचा पडलेला दात बीडजवळ पुरून त्यावर घुमट बांधला, असं फिरिश्त्याच्या इतिहासात येतं. तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. ती कुणालाही घरी पाडता येत होती, म्हणून प्रयोग बुडाला. १९१८ च्या नोटेमागे परक्या देशातली अवघड छपाई होती आणि नाण्याचा आधार होता.

तरीही शेतकऱ्याला कागद घ्यायला लावायचा तर तो त्याच्या भाषेत बोलला पाहिजे. नोटेवर उर्दू आणि इंग्रजीच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कानडीत रक्कम छापली होती. याच १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, उर्दू माध्यमाचं. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. पण बाजारात त्याच सरकारला मराठीची गरज पडली. प्रजेचा विश्वास हवा होता तिथेच प्रजेच्या भाषेला जागा मिळाली.

नोटेवरच्या भाषांचं मोल मॉरिशसनेही अनुभवलं आहे. मराठी कुळांची वस्ती असलेल्या त्या बेटाच्या नोटांवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी असतात. १९९८ च्या नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

हैदराबादच्या नोटेवर अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असे. या प्रमुखांपैकी गुलाम मुहम्मद यांनी पुढे पाकिस्तानचं गव्हर्नर जनरलपद घेतलं, तर झाहिद हुसेन त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. फाळणीनंतर चलन हे उघड हत्यारच झालं. भारताशी जैसे थे करार १९४७ च्या नोव्हेंबरात झाला, तरी निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन राज्यात बेकायदा ठरवलं आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. भारत सरकारच्या तक्रारींत हे दोन्ही मुद्दे ठळक होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो वाद मिटवला.

हाली मात्र एका रात्रीत गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या शेजारी आला, दर तोच सात-सहाचा. १९५३ मध्ये संसदेने हैदराबादच्या नाण्या-नोटांसाठी कायदा केला आणि दशकाअखेर हाली व्यवहारातून पुरता गेला. उस्मानिया सिक्का सांभाळण्यासाठी १९४२ मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक मात्र टिकली. पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून मराठवाड्याच्या गावोगावी ती पीककर्ज देत राहिली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली.

बीडच्या जुन्या घरांत निजाम काळातली खरेदीखतं, गहाणखतं आजही निघतात : उर्दू मजकूर, फसली सन, रक्कम हालीत. तिथे सातशे रुपये दिसले तर नगरच्या कागदातल्या सहाशेशी ते बरोबरीचे आहेत हे धरूनच जमिनीचे भाव ताडून पाहावेत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो. एवढा हिशेब न करता दोन्ही बाजूंच्या भावांची तुलना केली, तर मराठवाड्याची जमीन कागदावर सहा रुपयांमागे एका रुपयाने महाग दिसेल, आणि ती महागाई कधी झालेलीच नसेल.