‘अंग बाहेर येते’ हे कोणाला सांगावे?

गल्ल्यातील रुपयाची तूट रात्री उशिरापर्यंत शोधणाऱ्या घरातही ‘अंग बाहेर येते’ ही तक्रार सासूबाई वर्षानुवर्षे सुनेलाही सांगत नाहीत. लघवीच्या धास्तीने यात्रेला जाणे मात्र टाळतात.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू झोळीच असते. गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि जड ओझी उचलणे यांची त्यात भर पडते.

यावर गर्भाशय काढणे हाच उपाय, हा समज चुकीचा आहे. त्रास सौम्य असल्यास तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम उपयोगी पडतो, अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी तो १९४८ साली मांडला. शस्त्रक्रिया नको असल्यास योनीमार्गात बसवलेली सिलिकॉनची कडी, म्हणजे पेसरी, आधार देते. ती वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय राखून ते पट्टीने वर बांधण्याची शस्त्रक्रिया तर मुंबईच्याच डॉ. वि. ना. शिरोडकरांनी विकसित केली.

लघवी अडली किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर मात्र विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.