ओढ्याचं काय?

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

पुण्याहून दादाचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमचं बरं आहे बाई, तिकडे सगळं सिस्टिमनं होतं." सहकारनगरात बसून अमेरिकेबद्दल बोलायला पैसे पडत नाहीत. त्याला मी जे सांगत आले, तेच आज तुम्हाला सांगते.

रॅले ही या राज्याची राजधानी. १९८० साली वस्ती दीड लाख, २०२०च्या जनगणनेत ४,६७,६६५. वाकड-हिंजवडी पाहिलेल्या माणसाला याचं काय कौतुक! पण इथले जुने रहिवासी 'आमचं गाव गेलं' म्हणून हळहळतात, आणि ते घालवणारे आम्हीच, रिसर्च ट्रँगल पार्कातल्या नोकऱ्यांमागे आलेले.

२०१८ मध्ये शेजारच्या आजी मला सिटिझन्स ॲडव्हायझरी कौन्सिलच्या बैठकीला घेऊन गेल्या. (आजी मी मनात म्हणते, तोंडावर नावानं हाक मारावी लागते, ते अजून जिभेवर येत नाही.) सगळे नुसतं 'सीएसी' म्हणतात. क्लॅरेन्स लाइटनर हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर असताना, १९७४ साली, ही पद्धत सुरू झाली. शहराचे भाग पाडलेले, प्रत्येक भागाची एक सीएसी. मानधन नाही आणि अधिकार तर मुळीच नाही. एखाद्या जमिनीचं झोनिंग बदलायचं असेल तर जमलेल्यांनी हात वर करायचे. तो आकडा सिटी कौन्सिलकडे जायचा. त्याचं काय करायचं ही कौन्सिलची मर्जी.

मला वाटलं होतं, काहीतरी भारदस्त असेल. घडीच्या खुर्च्या, जेमतेम तीस माणसं, आणि चहा नाही! आपल्याकडे पार्किंगच्या भांडणासाठी सोसायटीची मीटिंग भरली तरी शेवटी चहा-बिस्किट असतं. आधी एका पोलिसानं गाड्या कुलूपबंद ठेवा म्हणून विनवलं. मग बिल्डरचा वकील रंगीत नकाशे घेऊन उभा राहिला. चार मजली अपार्टमेंट, झाडं, बाकडी. आजींनी हात वर केला.

"ओढ्याचं काय?"

वकील म्हणाला, इंजिनिअर बघतील. आजींनी पुन्हा विचारलं. तो पाणी साठवायच्या तळ्याबद्दल बोलला. आजींनी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी त्याच स्वरात. कुणी 'बसा हो खाली' म्हणालं नाही, हेच मला नवल. खरं सांगायचं तर तिथे बहुतेक पिकल्या केसांचे घरमालक होते. भाडेकरू मला दिसला नाही, आणि निम्म्यांचा विरोध 'आमच्या गल्लीत नको' एवढाच होता. पण ओढ्याला निदान वाली होता.

पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री, पुण्यात आंबिल ओढा फुटून वाहिला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. दादा बचावला, तळमजल्यावरच्या जोशीकाकूंच्या घरात छातीएवढं पाणी. "आम्हाला कोण विचारतंय?" तो म्हणाला. मी चिडून म्हटलं, "तू कधी विचारलंस?" ७४व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, त्यांत मुख्यतः नगरसेवकच बसतात. मतदारांच्या क्षेत्रसभांचा कायदाही राज्यानं केला. दादानं तो शब्द माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हा म्हणतो, "नगरसेवकाला सांगून ठेवलंय." त्या भांडणानंतर दोन आठवडे त्यानं फोन केला नाही.

आणि मग फेब्रुवारी २०२० आला. कौन्सिलच्या बैठकीत, आधी कुणाला कळवलेलं नसताना, सीएसींना शहराचा पाठिंबा बंद करायचा ठराव आला आणि सहा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. शेहेचाळीस वर्षांची पद्धत एका संध्याकाळी गेली. कारणं दिली ती अगदी खोटी नव्हती : सगळ्यांचं प्रतिनिधित्व होत नाही, वगैरे. पण न विचारता? लोकांना विचारायची पद्धतच लोकांना न विचारता बंद! दादाला सांगितलं तर तो खो खो हसला. "म्हणजे आपल्यासारखंच की!" त्याचा तो आनंद मला अजून सलतो. २०२२च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा 'सांगून ठेवायला' माणूस उरला नाही म्हणून तो कासावीस झाला, आणि हसायची पाळी माझी होती. मला काही हसू आलं नाही.

काही सीएसी लोकांनी आपल्या हिमतीवर चालू ठेवल्या. आमच्याकडे ते अपार्टमेंट उभं राहिलं, बाकड्यांसकट. परवा जोराचा पाऊस झाला तेव्हा आजी छत्री घेऊन ओढ्याच्या पुलावर उभ्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, तुझ्या फोनवर फोटो काढ, पाठवून देऊ. काढले सात-आठ. पाठवायचे कुणाला, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही.